धागा: ब्रिटिश राजदरबार आणि लेखिका – चाकरी, अर्पणपत्रिका, पेन्शन

मोडीवाचक

शेजारच्या जेन ऑस्टेनच्या धाग्यावर एक विधान आलंय की तिची 'एमा' ही कादंबरी राजपुत्राला अर्पण केलेली आहे, म्हणजे बाईंना राजाश्रय होताच. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा.

राजाश्रय म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सनद, इनाम, शालजोडी येते. अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये लेखिकेच्या पदरात दरबाराकडून पडायचं ते निराळंच: राजवाड्यातल्या खाजगीकडे पगारी नेमणूक, पुस्तक अर्पण करायची परवानगी, वर्गणीदारांच्या यादीत राजा-राणीचं नाव, आणि नशीब जोरावर असेल तर पेन्शन. हे चारही प्रकार एकाच बाईच्या वाट्याला आलेले बघायचे असतील तर फॅनी बर्नी बघावी. जन्म १७५२. 'एव्हलिना' १७७८ साली निनावी छापली, प्रकाशकाने हातावर २० गिनी (म्हणजे २१ पौंड) ठेवल्या. १७८२ च्या 'सिसिलिया'चे २५० पौंड मिळाले. आणि जुलै १७८६ मध्ये ती राणी शार्लटची 'सेकंड कीपर ऑफ द रोब्ज', म्हणजे पोशाखाची दुय्यम अधिकारी, झाली, पगार वर्षाला २०० पौंड.

हे पद तिने मागितलं नव्हतं. बाप डॉ. चार्ल्स बर्नी, संगीताचा इतिहासकार. त्याच वर्षी राजाच्या वाद्यवृंदाच्या प्रमुखाची जागा रिकामी झाली होती आणि ती मिळावी म्हणून तो विंडसरला हजेरी लावून आला. जागा गेली दुसऱ्याला. थोड्याच दिवसांत लेकीला नेमणूक चालून आली. नकार दिला तर बापाची दरबारातली उरलीसुरली आशा संपणार हे तिला कळत होतं. तिला लेखिका म्हणून बोलावलं ते फक्त ओळखीपुरतं. काम होतं कपड्यांचं.

शाईचा_डाग

छान धागा. पण कपड्यांचं काम म्हणजे नेमकं काय? शिवणं, धुणं, इस्त्री? आणि २०० पौंड त्या काळात कमी की जास्त?

मोडीवाचक

शिवणं-धुणं अजिबात नाही. त्याला वेगळ्या बायका होत्या. तिने स्वतः सांगितलेली दिनचर्या उपलब्ध आहे, ती थोडक्यात देतो.

सकाळी सहाला उठून साधा झगा आणि टोपी घालून बसायचं. घंटा वाजायची सात ते आठच्या दरम्यान, बहुधा साडेसातला. बोलावणं घंटीवर यावं हे बर्नीला शेवटपर्यंत लागलं. ती जाईपर्यंत राणीचे केस झालेले असत, ते काम मिसेस थिल्की या वॉर्डरोबवालीचं. मग थिल्की एकेक वस्त्र हातात देणार आणि बर्नी ते राणीच्या अंगावर चढवणार. क्रम लक्षात ठेवायची जबाबदारी थिल्कीवर होती हे आपलं नशीब, नाहीतर आपण हूपच्या (घेर फुगवणाऱ्या सांगाड्याच्या) आधी गाऊन आणि गळ्याच्या रुमालाआधी पंखा दिला असता, असं तिने लिहिलंय. आठच्या सुमारास राणी तयार होऊन प्रार्थनेला जायची.

मग नाश्ता आणि तासभर मोकळीक. त्यानंतर त्या दिवशीच्या आणि पुढच्या प्रसंगांच्या कपड्यांची बघाबघ. बुधवारी आणि शनिवारी स्वतःचे केस कुरळे करून घेण्याचं जादा काम. पाऊण वाजता राणीचा दिवसाचा मुख्य साज सुरू. या वेळी वरिष्ठ कीपर मिसेस श्वेलेनबर्गही हजर. गाऊन उतरवायचा, पावडरीचा अंगरखा घालायचा, मग केशभूषाकार आत येणार. तो पावडर मारत असताना राणी वर्तमानपत्र वाचायची. यातून सुटका तीनला.

तीन ते पाच हे दोन तास तिचे. पाचला श्वेलेनबर्गबरोबर जेवण, मग तिच्याच खोलीत कॉफी, आठला राजाच्या इक्वेरींसोबत (दिमतीच्या अधिकाऱ्यांसोबत) चहा, नऊनंतर पुन्हा श्वेलेनबर्ग, अकरापर्यंत. शेवटची घंटा अकरा ते बाराच्या मध्ये, वीस मिनिटांचं काम, अर्ध्या तासाच्या वर क्वचितच.

म्हणजे राणीजवळचं प्रत्यक्ष काम तीनेक तासांचं. वेळ खाल्ला तो वाट पाहण्याने आणि श्वेलेनबर्गने. जर्मनीतल्या मेक्लेनबर्गहून राणीबरोबर आलेली ही बाई संध्याकाळी पत्त्यांना जोडीदार हवा म्हणून हटून बसायची. १७८७ च्या हिवाळ्यात बग्गीची काच उघडी ठेवायचा हट्ट तिने धरला आणि गार वाऱ्याने बर्नीचे डोळे सुजले. शिवाय बाईंनी बेडूक पाळले होते.

पगाराबद्दल: २०० पौंडांबरोबर राहायला खोल्या, एक मोलकरीण, एक नोकर आणि श्वेलेनबर्गसोबत सामाईक बग्गी. अविवाहित, घरची श्रीमंती नसलेल्या बाईला ही रक्कम कमी नव्हती. पण दरबारात शोभतील असे कपडे त्यातूनच करायचे.

नर्मदाकाठ

दोन तास रोज मिळत होते म्हणताय तर मग पाच वर्षांत एकही कादंबरी का नाही?

उंबरठा

नर्मदाकाठ, ते दोन तास सलग मिळतील याची हमी नव्हती. पाहुणे यायचे, राणी फिरायला निघाली की वेळापत्रक बदलायचं. गुरुवारी सेंट जेम्स राजवाड्यात दरबार भरायचा, त्यासाठी विंडसरहून लंडनला यायचं आणि पूर्ण दरबारी साज चढवायचा. तिथेच दिवस गेला.

दुसरं म्हणजे शरीर. रीत कशी असते यावर तिने बहिणीला १७ डिसेंबर १७८५ ला, म्हणजे नोकरी लागण्याच्या सात महिने आधीच, एक उपहासाचं पत्र लिहिलंय. राजा-राणीसमोर खोकला आला तर खोकायचं नाही, गुदमरलात तरी चालेल. शिंक येत असेल तर श्वास रोखून धरा. केसात खोचलेली टाचणी टोचत असेल तर टोचू द्या, काढायची नाही. हे सगळं हसत हसत लिहिलेलं, पण पुढे प्रत्यक्षात यातलं बरंच वाट्याला आलं.

ऑगस्ट १७८६ मध्ये राजघराणं ऑक्सफर्डला गेलं तेव्हाचं वर्णन वाचण्यासारखं आहे. राजासमोर बसायचं नाही आणि खायचंही नाही. सकाळपासून उपाशी असलेल्या मंडळींनी काय करावं? काहींनी राजाकडे तोंड करून भिंतीसारखं उभं राहायचं आणि त्यांच्या आडोशाला बाकीच्यांनी पाळीपाळीने दोन घास खाऊन घ्यायचे. राजा वळला की सगळे पुन्हा ताठ. त्याच दौऱ्यात लेडी शार्लट बर्टी, पाय मुरगळलेला असताना, राजाला पाठ न दाखवता एका लांबलचक दालनाच्या टोकापर्यंत उलटी चालत गेली. बर्नीला तेवढं जमेना. ती दोन-तीन पावलं मागे टाकायची, मग भिंतीवरचं काहीतरी बघत असल्याचं दाखवून सरळ चालून घ्यायची.

पंतोजी_वाईकर

मेकॉलेने हे सगळं १८४३ च्या जानेवारीत 'एडिनबरो रिव्ह्यू'त धुऊन काढलं आहे. हा तोच आपला मेकॉले, १८३४ ते १८३८ हिंदुस्थानात राहून गेलेला. त्याचा सूर असा की इंग्लंडमधली एक अव्वल कादंबरीकार आपण टाचण्या खोचायला बसवली, तिची तब्येत गेली, लेखणी गेली, आणि यात बापाचा दोष राणीपेक्षा मोठा. मला हे पटतं.

उंबरठा

पंतोजी, मला मेकॉले अर्धाच पटतो. 'सिसिलिया' १७८२ ची, पुढची 'कमिला' १७९६ ची. मध्ये चौदा वर्षं. त्यातली दरबारात पाचच. बाकीच्या नऊ वर्षांचं खापर राणीवर कसं फोडणार? आणि दरबारात ती लिहीत नव्हती असंही नाही. तिथे असतानाच तिने शोकांतिका लिहायला घेतल्या. त्यातली 'एड्वी अँड एल्जिवा' २१ मार्च १७९५ ला ड्रुरी लेन नाट्यगृहात लागली, नामांकित नटी सारा सिडन्स प्रमुख भूमिकेत, आणि एका रात्रीत उतरली. नाटकं पडेल होती हे मान्य.

पण दरबारी रोजनिशी? ती तिच्या कोणत्याही कादंबरीपेक्षा सरस आहे असं माझं मत. २ फेब्रुवारी १७८९ ची नोंद घ्या. राजा तिसरा जॉर्ज भ्रमिष्ट अवस्थेत लंडनजवळच्या क्यू राजवाड्यात ठेवलेला. वैद्यांनी सांगितलेलं की राजाच्या नजरेला पडू नका. आज तो रिचमंडच्या बाजूला जाणार असं कळल्यावर बर्नी क्यूच्या बागेत फिरायला गेली आणि राजा तिथेच निघाला. तिला पाहून हाका मारत मागे धावला. ही पुढे, राजा मागे, त्याच्या मागे वैद्य आणि सेवक. शेवटी वैद्यांनी ओरडून सांगितलं की थांबा, धावणं राजाला अपायकारक आहे. ती थांबली, वळली आणि समोर गेली. राजाने तिच्या गालाचं चुंबन घेतलं, श्वेलेनबर्गचा जाच मनावर घेऊ नकोस म्हणाला, हँडलच्या रचना घोगऱ्या आवाजात म्हणून दाखवल्या. त्याच आठवड्यांत पार्लमेंटात रीजन्सी बिलावर, म्हणजे राजाऐवजी युवराजाने कारभार बघण्याच्या विधेयकावर, खडाजंगी चालली होती, राजा शुद्धीवर येतोय की नाही यावर सरकार टिकणार की पडणार हे ठरायचं होतं. आणि इथे एक प्रशिक्षित कादंबरीकार त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी राहून संवाद टिपून घेतेय. हा प्रसंग चेल्सीत बापाच्या घरी बसून मिळाला असता का?

पंतोजी_वाईकर

प्रसंग थोर आहे, वाद नाही. पण ती रोजनिशी रोजची नव्हे, हे ध्यानात ठेवून वाचा. दरबारात ती टिपणं काढून ठेवायची आणि सवडीने बहीण सुझन आणि मैत्रीण मिसेस लॉक यांच्यासाठी विस्तार करून पाठवायची. कधी कधी ही सवड वर्षभराने मिळायची. संवाद जसेच्या तसे आहेत असं समजणं भाबडेपणाचं. शिवाय नावं बदललेली. 'मिस्टर फेअरली' म्हणजे कर्नल डिग्बी, 'मिस्टर टर्ब्युलंट' म्हणजे राणीचा फ्रेंच वाचक गिफार्डिएर. नव्या वाचकाची इथेच फसगत होते. दरबारच्या यादीत शोधलं तर फेअरली सापडत नाही.

घाटपायथा

वॉरन हेस्टिंग्जच्या खटल्याला बर्नी हजर होती ना? आपल्याकडच्या वाचकाला तो भाग जास्त जवळचा.

मोडीवाचक

हो. १३ फेब्रुवारी १७८८, वेस्टमिन्स्टर हॉल. राणीनेच तिला प्रवेशपत्रं दिली आणि परत येऊन इत्थंभूत हकिकत सांगायची असं बजावलं. म्हणजे राणी स्वतः उघडपणे ज्या भानगडीत पडू शकत नव्हती, तिथे डोळे पाठवले. दरबाराचा कल हेस्टिंग्जकडे. बर्नीही त्याच्या बाजूची, फिर्यादी पक्षाच्या बर्कचं भाषण ऐकताना ती भारावते पण पुरावा मोजायला लागली की थंड पडते. गंमत म्हणजे फिर्यादी पक्षातला विंडम आपली जागा सोडून तिच्याशी गप्पा मारायला यायचा आणि ती त्याला तोंडावर सांगायची की मी आरोपीच्या बाजूची आहे. बनारसचा चेतसिंह आणि अवधच्या बेगमा हे आरोपांतले मोठे विषय. साळबाईचा तह होऊन तेव्हा सहाच वर्षं झाली होती, पण लंडनच्या त्या सभागृहात मराठे जवळपास कुणाच्या बोलण्यात नाहीत.

शाईचा_डाग

मग सुटका कशी झाली? राजीनामा द्यायची सोय होती का?

उंबरठा

सोय होती, रीत अवघड. १७९० च्या अखेरीला तिने राणीच्या नावे विनंतीअर्ज लिहिला, बापाची संमती घेतली, कारण दिलं प्रकृतीचं. अर्ज राणीच्या हाती जाणार श्वेलेनबर्गमार्फत, आणि श्वेलेनबर्गच्या लेखी हा वेडेपणा. अर्ज गेल्यावरही बदली बाई मिळेपर्यंत थांबणं भाग. ती जर्मनीहून यायची होती. हे सगळं होईतो जुलै १७९१ उजाडला. पेन्शन बसली वर्षाला १०० पौंड, म्हणजे पगाराच्या निम्मी.

त्या पेन्शनीवर तिने १७९३ मध्ये निर्वासित फ्रेंच अधिकारी द'आर्ब्ले याच्याशी लग्न केलं. त्याच्याकडे छदाम नव्हता.

आता पैशाचा खरा खेळ बघा. 'कमिला' पाच खंडांत १७९६ ला आली ती वर्गणीवर. एका संचाची वर्गणी एक गिनी, आगाऊ. यादीत हजाराच्या वर नावं, त्यात 'मिस जे. ऑस्टेन, स्टीव्हन्टन' हेही एक, वय वर्षं वीस. पुस्तक राणीला अर्पण. बर्नीने विंडसरला जाऊन प्रती स्वतः नेऊन दिल्या, राजा-राणीने मिळून १०० गिनी दिल्या. वर्गणीचे सुमारे हजार पौंड आणि स्वामित्वहक्काचे आणखी हजार. पाच वर्षं घंटीवर धावून जेवढा पगार जमला, त्याच्या दुप्पट एका पुस्तकात. आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात पुस्तकाच्या मागे आश्रयदात्यांच्या याद्या छापत, तोच प्रकार. मोठं नाव यादीच्या डोक्यावर आलं की बाकीचे आपोआप येतात.

म्हणून माझा मुद्दा असा की दरबाराचा पगार हा तोट्याचा धंदा होता, दरबाराची ओळख मात्र फायद्याची निघाली. फक्त तिच्यासाठी आधी पाच वर्षं मोजावी लागली.

कागदी_होडी

ऑस्टेनवर या की. धागा तिच्यावरून निघालाय.

मोडीवाचक

येतो. तारखा क्रमाने लावल्या की गैरसमज आपोआप गळतो.

१८१५ च्या ऑक्टोबरात भाऊ हेन्री लंडनला आजारी पडला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत रीजंटचा, म्हणजे आजारी राजाच्या जागी कारभार बघणाऱ्या युवराजाचा, एक वैद्य होता. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'ची लेखिका इथेच मुक्कामाला आहे हे त्याच्याकडून कार्लटन हाउसला, म्हणजे रीजंटच्या वाड्यावर, कळलं. रीजंटचा ग्रंथपाल जेम्स स्टॅनिअर क्लार्क भेटायला आला आणि १३ नोव्हेंबरला त्याने तिला कार्लटन हाउसचं ग्रंथालय दाखवलं. रीजंट स्वतः भेटला नाही. पुढचं पुस्तक रीजंटना अर्पण करण्यास तुम्हाला मोकळीक आहे, असं क्लार्क बोलता बोलता म्हणाला.

इथे ती गोंधळली. १५ नोव्हेंबरला पत्र लिहून तिने सरळ विचारलं की हे बंधनकारक आहे का? उत्तर १६ तारखेचं: बंधनकारक मुळीच नाही, पण तुमची इच्छा असेल तर परवानगी याच पत्राने देतो, वेगळा अर्ज नको. आता असं उत्तर आल्यावर नाही कोण म्हणणार?

आणि हा रीजंट तिला आवडत नव्हता. १६ फेब्रुवारी १८१३ च्या पत्रात, त्याच्या बायकोबद्दल लिहिताना, तिची बाजू आपण घेणार कारण ती बाई आहे आणि तिच्या नवऱ्याचा आपल्याला तिटकारा आहे, असं ऑस्टेनने स्वच्छ म्हटलंय.

पण बाई व्यवहारी. छपाई रखडली होती, तेव्हा २३ नोव्हेंबरला तिने प्रकाशक जॉन मरेला विचारलं की पुस्तक रीजंटला परवानगीने अर्पण होणार आहे हे कळलं तर छापखानेवाले जरा भराभर हात चालवतील का? अर्पणपत्रिकेचा मजकूर तिने आधी एका ओळीचा सुचवला होता, तोही शीर्षकाच्या पानावर. मरेने समजावलं की तसं चालत नाही, वेगळं पान लागतं आणि पदव्यांसह पूर्ण पाठ लागतो. छापील पाठात 'हिज रॉयल हायनेस' हे शब्द एकाच वाक्यात तीनदा आलेत. एरवी शब्द मोजून वापरणाऱ्या लेखिकेच्या पुस्तकाचं हे पहिलं पान!

रीजंटची प्रत तीन खंडांची, तांबड्या मोरोक्को चामड्यात, सोनेरी नक्षीची, आणि बाजारात येण्याच्या तीन दिवस आधी पोचती करायची. बांधणीचा खर्च २४ शिलिंग, तो लेखिकेच्या खात्यावर. साधा संच बाजारात २१ शिलिंगला.

शाईचा_डाग

म्हणजे राजाश्रय तर सोडाच, बाईच्याच खिशाला चाट?

मोडीवाचक

तसंच. 'एमा' तिने स्वतःच्या जबाबदारीवर छापली होती, मरेला १० टक्के दलाली. त्याने आधी तीन पुस्तकांच्या हक्कांचे मिळून ४५० पौंड देऊ केले होते, ते तिने नाकारले. २००० प्रती छापल्या. नफा दिसत होता, पण 'मॅन्सफिल्ड पार्क'च्या दुसऱ्या आवृत्तीचा तोटा मरेने त्यातूनच वळता केला आणि हातात आले सुमारे ३९ पौंड. पाचशेहून जास्त प्रती चार वर्षांनीही पडून होत्या, त्या शेवटी मातीमोल भावाने काढल्या. रीजंटच्या नावाने खप वाढला असं आकड्यांवरून तरी म्हणता येत नाही.

रीजंट वाचक म्हणून मात्र खरा होता. विंडसरच्या कागदपत्रांत २०१८ मध्ये एक बिल सापडलं, २८ ऑक्टोबर १८११ चं, 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' १५ शिलिंग. पुस्तकाची पहिली जाहिरात त्यानंतर दोन दिवसांनी आली. म्हणजे तिच्या पहिल्यावहिल्या गिऱ्हाइकांत हा. तिला ते कधीच कळलं नाही.

कागदी_होडी

क्लार्कने तिला कादंबरीचे विषय सुचवले होते तोही किस्सा येऊ द्या.

मोडीवाचक

आधी त्याने सुचवलं की एका विद्वान पाद्र्यावर लिहा. वर्णन हुबेहूब त्याचं स्वतःचं. मग २७ मार्च १८१६ च्या पत्रात, सॅक्स-कोबर्ग घराण्यावर ऐतिहासिक रोमान्स लिहा म्हणाला, कारण रीजंटची मुलगी, राजकन्या शार्लट, हिचं लग्न त्या घराण्यातल्या लिओपोल्डशी ठरलं होतं. हा तगादा म्हणजेच दरबारी संबंधाची खरी किंमत. १ एप्रिलचं तिचं उत्तर नम्रतेचा नमुना आहे: जीव वाचवायचा असेल तरच मी असं काही लिहायला बसेन, आणि तेव्हाही गंभीर राहण्याची सक्ती झाली तर पहिलं प्रकरण संपायच्या आत फासावर जायची वेळ येईल. नंतर तिने या सगळ्या सूचना एकत्र गुंफून घरच्यांसाठी एक विडंबन लिहिलं, समासात कोणती सूचना कुणाची तेही नोंदवलं.

जास्वंद

वाचनखूण साठवली. सतराव्या शतकातली भर घालते, कारण तिथे व्यवहार याहून उघडावाघडा आहे.

अफ्रा बेन. १६६६ साली दुसऱ्या चार्ल्सच्या सरकारने तिला अँटवर्पला हेर म्हणून पाठवलं. सांकेतिक नाव ॲस्ट्रिया. काम: विल्यम स्कॉट नावाच्या फितुराला वळवून डचांच्या बातम्या काढायच्या. त्याच्या बापाला राजा पहिल्या चार्ल्सच्या वधात भाग घेतल्याबद्दल फाशी झालेली. बातम्या तिने पाठवल्या, पैसे आले नाहीत. दागिने विकले, परतीसाठी दीडशे पौंड कर्ज काढलं, लंडनला आल्यावर सावकाराने तुरुंगाची धमकी दिली. राजाला केलेले अर्ज आजही आहेत, त्यावर काही झाल्याचं दिसत नाही. १६७० मध्ये तिचं पहिलं नाटक ड्यूक्स कंपनीने केलं. हेरगिरीच्या वेळी तिचा दरबारातला दुवा होता टॉमस किलिग्रू, प्रतिस्पर्धी किंग्ज कंपनीचा मालक. तिने नाटक त्याला दिलं नाही. का ते सांगायला नको.

तिची अर्पणपत्रिका म्हणजे सरळ राजकारण. १६७९ चं 'द फेन्ड कोर्टिझान्स' नेल ग्विनला, म्हणजे राजाच्या अंगवस्त्राला. 'द रोव्हर'चा दुसरा भाग ड्यूक ऑफ यॉर्कला, म्हणजे राजाचा भाऊ जेम्स याला, तोही त्याला गादीवरून डावलायची चळवळ जोरात असताना. बाजू घेतली ती शेवटपर्यंत. १६८९ ला, जेम्सला हटवून आलेल्या नव्या राजाच्या, विल्यमच्या, स्वागताचं काव्य लिहा असं त्याच्या पक्षाचा पाद्री बर्नेट याने सुचवलं, हिने नम्रपणे नकार देणारं काव्यच छापलं. त्याच एप्रिलमध्ये ती वारली.

ॲन फिंचचं उलटं. १६८२ पासून ती याच जेम्सच्या बायकोची, मेरी ऑफ मोडेनाची, मेड ऑफ ऑनर (मानाची सखी), पण दरबारात असताना कविता लपवून ठेवायची. कविता करणारी मेड ऑफ ऑनर म्हणून लोक बोट दाखवतील ही भीती तिने स्वतः नोंदवली आहे. १६८८ ला राजा झालेला जेम्स पळाला, नवऱ्याने नव्या राजाची शपथ घ्यायला नकार दिला, उत्पन्न बुडालं. संग्रह आला १७१३ मध्ये, तोही आधी निनावी.

नर्मदाकाठ

मेरी रॉबिन्सनचं नाव अजून कसं नाही आलं?

जास्वंद

घ्या. ही आधी नटी, मग लेखिका. ३ डिसेंबर १७७९, शेक्सपिअरच्या 'विंटर्स टेल'मध्ये पर्डिटाच्या भूमिकेत. सतरा वर्षांचा युवराज, पुढचा रीजंट, हाच तो ऑस्टेनवाला, फिदा झाला. सज्ञान झाल्यावर २० हजार पौंड देईन असा रोखा लिहून दिला आणि वर्षभरात विटला. रंगभूमी सोडलेली, कर्ज डोक्यावर. तिच्याकडे त्याची पत्रं होती. १७८१ मध्ये ती ५ हजार पौंडांना परत घेतली गेली. रोख्याच्या बदल्यात १७८३ मध्ये वर्षाला ५०० पौंड ठरले. मधे राजकारणी चार्ल्स फॉक्स पडला म्हणून.

बर्नीच्या १०० पौंडांशी तुलना करू नका. बर्नीची पेन्शन वेळेवर यायची, रॉबिन्सनचे हप्ते थकायचे. थकले की ती लिहायची. तिची कवितेची, कादंबऱ्यांची आणि शेवटी 'मॉर्निंग पोस्ट'मधल्या कवितांच्या सदराची सगळी धावपळ त्या थकबाकीतून आली. १८०० च्या डिसेंबरात गेली तेव्हाही देणेकरी होतीच.

घाटपायथा

रखमाबाईंचं लग्न व्हिक्टोरिया राणीने रद्द केलं, असं ढकलपत्रांत फिरत असतं. हा दरबारी संबंध धरायचा का?

पंतोजी_वाईकर

धरायचा, पण नीट. १८८५ मध्ये रखमाबाईंनी 'अ हिंदू लेडी' या नावाने 'टाइम्स ऑफ इंडिया'त बालविवाहावर पत्रं लिहिली. मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी निकाल दिला, नवऱ्याकडे नांदायला जा नाहीतर सहा महिने कैद. पुढच्याच महिन्यात लंडनच्या 'टाइम्स'मध्ये त्यांचं पत्र छापून आलं. ते वर्ष राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाचं, आणि राणीने कायदा बदलण्यात लक्ष घालावं ही मागणी त्यांनी नेमकी तो मुहूर्त साधून केली. पण लग्नाचा प्रश्न मिटला तो १८८८ च्या जुलैत, तडजोडीने. नवऱ्याला, दादाजींना, २००० रुपये देऊन त्यांनी हुकूमनाम्याची बजावणी सोडली. एका सहीने लग्न रद्द करायचा अधिकार त्या काळात राणीकडे नव्हताच.

राणीला उद्देशून जाहीर पत्र लिहायचा प्रघात इंग्लंडमध्ये आधीच होता. कॅरोलाइन नॉर्टनने १८५५ मध्ये घटस्फोटाच्या विधेयकावर 'लेटर टू द क्वीन' काढलं होतं. राणी उत्तर देणार नाही हे लिहिणारीला ठाऊक असतं. वाचायचं असतं ते खासदारांनी.

शाईचा_डाग

आणि राजकवीचं पद? ते तर अधिकृत दरबारी पद ना. बाई कधी?

उंबरठा

१८५० मध्ये वर्ड्‌स्वर्थ गेल्यावर 'अथेनियम' या नियतकालिकाने कवयित्री एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंगचं नाव सुचवलं होतं. राणी बाई, तर राजकवीही बाई असावी, असा युक्तिवाद. पद गेलं टेनिसनकडे. त्यानंतर थेट २००९, कॅरल ॲन डफी, दहा वर्षांसाठी. मानधन वर्षाला ५७५० पौंड आणि परंपरेने शेरी या मद्याचं पिंप, बाटल्यांत मोजलं तर सहाशेच्या घरात. पैसे तिने एका काव्यपुरस्काराला दिले. शेरी मात्र आधी पोचती करा म्हणाली, कारण आधीच्या राजकवीला ती मिळाली नव्हती.

नर्मदाकाठ

बर्नीची रोजनिशी कुठली आवृत्ती घ्यावी?

पंतोजी_वाईकर

फुकटात मिळते ती १८४२ ते १८४६ च्या सात खंडांची, पुतणी... नव्हे, भाची शार्लट बॅरेटने संपादलेली, किंवा तिच्यावर बेतलेली नंतरची. गोष्टीसाठी पुरेशी आहे. पण बर्नीने म्हातारपणी स्वतःच कागद चाळून कितीतरी ओळींवर गडद शाई फिरवली, भाचीने आणखी कापलं. डिग्बीवर तिचा जीव जडला होता की नाही हा प्रश्न तुम्हाला पडणार असेल, आणि पडेलच, तर ऑक्सफर्डने २०११ पासून काढलेले दरबारी रोजनिशीचे खंड बघा. खोडलेल्या ओळी तिथे जमतील तितक्या वाचून छापल्या आहेत. किंमत बघून आधी ग्रंथालयात विचारा.